तुमचं बोलणं यंत्राने टिपलं तर चालेल?

समुपदेशकाचं काम क्लायंट दाराबाहेर पडला की संपत नाही. त्यानंतर नोंद लिहायची असते. आज काय बोलणं झालं, झोप-भूक मागच्या वेळेपेक्षा कशी आहे, जिवाला धोका वाटावा असं काही बोलण्यात आलं का, पुढच्या भेटीत कुठून सुरुवात करायची. दिवसाला पाच-सहा जणांना भेटणाऱ्या थेरपिस्टचं हे लिहिणं रात्रीपर्यंत रेंगाळतं आणि सकाळचं सेशन रात्री आठवताना थोडं पुसट झालेलं असतं. गेल्या काही वर्षांत या कामासाठी एआयवर चालणारी साधनं बाजारात आली आहेत. मोबाइल किंवा लॅपटॉप टेबलावर ठेवायचा, त्याला सगळं बोलणं ऐकू द्यायचं. क्लायंट जिना उतरेपर्यंत मथळे घातलेली, मुद्देसूद नोंद तयार असते. थेरपिस्टने ती वाचायची, दुरुस्त करायची आणि जतन करायची.

ही सोय खरी आहे. वहीतून सुटलेली नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर राहते, हा फायदा मी लहान मानत नाही. मला काळजी वाटते ती यंत्र सुरू करण्याआधीच्या दोन-चार मिनिटांची. समोरच्या माणसाला तेव्हा काय सांगितलं गेलं? आणि त्याला ‘नको’ म्हणायचं असतं, तर ते सहज म्हणता आलं असतं का? सही मिळवायला फारसे कष्ट पडत नाहीत. नकार देताना माणसाला काहीच गमवावं लागणार नाही, अशी परिस्थिती तयार करायला मात्र पडतात, आणि संमतीचा सगळा अर्थ तिथेच ठरतो.

थेरपीतल्या नोंदींचा वाद जुना आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१२ मध्ये लिहिलेल्या एका लेखात सहकाऱ्यांना सल्ला दिला होता की, रुग्ण बोलत असताना टिपणं काढू नका. लिहायला लागलं की काय महत्त्वाचं आणि काय नाही याची निवड मन आधीच करू लागतं, आणि सगळीकडे सारखं पसरलेलं लक्ष एका जागी अडकतं. ते स्वतः दिवसाचं काम आटोपल्यावर संध्याकाळी आठवणीतून लिहीत. तीसेक वर्षांनी अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी बरोबर उलट वाट धरली. ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी समुपदेशनाच्या भेटी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आणि १९४२ च्या आपल्या पुस्तकात एका क्लायंटच्या आठही भेटींचं शब्दशः टिपण, नाव बदलून, छापलं. बंद दाराआड प्रत्यक्षात काय बोललं जातं, हे शिकणाऱ्यांना त्यातून तपासता येऊ लागलं. पुढे टेप रेकॉर्डर आणि व्हिडिओ प्रशिक्षणात रुळले. त्यासाठीही परवानगी मागितली जाई, पण तिचा आवाका समजण्यासारखा होता: टेप अमुक कपाटात राहील, माझे मार्गदर्शक ऐकतील, परीक्षा झाली की पुसली जाईल.

आताच्या साधनात आवाज खोलीत राहत नाही. माइकने टिपलेलं बोलणं बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या किंवा कंपनीने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर जातं. तिथे एक प्रणाली आवाजाचं लिखाण करते, कोणतं वाक्य थेरपिस्टचं आणि कोणतं क्लायंटचं हे वेगळं काढते. मग ते लिखाण भाषेच्या मोठ्या प्रारूपाकडे (लार्ज लँग्वेज मॉडेलकडे) जातं आणि ते त्याचा सारांश ठरलेल्या साच्यात बसवतं. या साखळीत कधी एक कंपनी असते, कधी तीन-चार. आवाजाची फाइल, शब्दशः उतारा आणि अंतिम नोंद या तीन वेगळ्या वस्तू तयार होतात. प्रत्येकीचं आयुष्य वेगळं, ठेवण्याची जागा वेगळी, बघू शकणारे लोकही वेगळे. ‘सेशन रेकॉर्ड करू का?’ एवढ्या प्रश्नात यातलं काहीच येत नाही.

शब्दशः उताऱ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. अनुभवी थेरपिस्टची हाताने लिहिलेली नोंद मुद्दाम तोकडी असते. क्लायंट अर्धा तास दिराविषयी, ऑफिसातल्या साहेबाविषयी, बहिणीच्या लग्नातल्या देण्याघेण्याविषयी बोलली, तरी नोंदीत ‘सासरच्या नात्यांमधला ताण, राग व्यक्त करता आला’ इतकंच उतरतं. गाळण्यातच संरक्षण असतं. तिने उल्लेख केलेला दीर किंवा साहेब त्या खोलीत नसतो, त्याला कुणी काही विचारलेलं नसतं, आणि रागाच्या भरात त्याच्याविषयी निघालेलं वाक्य कुठेही साठून राहू नये हे क्लायंटच्याही हिताचं असतं. यंत्र आधी सगळं साठवतं आणि मग गाळतं. त्यामुळे संमती मागताना ‘नोंद’ हा एकच शब्द वापरून चालत नाही. आवाज किती दिवस राहील, उतारा राहील की लगेच पुसला जाईल, नोंदीत नावं येतील का, हे वेगवेगळं सांगावं लागतं.

आणि शांततेचं काय? थेरपीत माणसं पुष्कळदा बोलता बोलता थांबतात. त्या थांबण्यात रडू असतं, लाज असते, कधी पहिल्यांदाच काही उमगत असतं. २०२४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ‘व्हिस्पर’ या, आवाजाचं लिखाण करणाऱ्या लोकप्रिय प्रणालीची तपासणी प्रसिद्ध केली. तपासलेल्या ध्वनितुकड्यांपैकी सुमारे १ टक्का तुकड्यांत प्रणालीने कुणीच न उच्चारलेली वाक्यं घातली होती. त्या घुसवलेल्या मजकुरापैकी ३८ टक्के मजकूर हानिकारक होता: हिंसेचे उल्लेख, माणसांविषयी खोटी माहिती, असं काही. मेंदूच्या आजारामुळे वाचाघात झालेल्या, अडखळत बोलणाऱ्या व्यक्तींच्या ध्वनिमुद्रणात हे प्रमाण जास्त आढळलं आणि न बोलण्याचा अवधी जितका लांब तितकी अशी भर पडण्याची शक्यता वाढत होती. म्हणजे थेरपीत जे क्षण सर्वांत नाजूक, तिथेच यंत्र पदरचं बोलण्याचा धोका. मराठीत आणखी एक अडचण येते. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि खचलेल्या माणसाचा आवाज शेवटाकडेच विरतो. ‘तसले विचार आता येत नाहीत’ यातला शेवटचा शब्द निसटला, तर नोंद उलटी होते. त्यात मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, मधूनच हिंदी-इंग्रजी. थेरपिस्टने नोंद ओळीनओळ वाचणं म्हणूनच सोडून चालत नाही, आणि ‘ही नोंद मी स्वतः वाचून दुरुस्त करते’ हे आश्वासन संमतीचा भाग व्हायला हवं. दिलं की पाळायलाही हवं.

इथे एक पेच आहे. गोपनीयतेसाठी आवाज लगेच पुसावा असं वाटतं, पण आवाज पुसला की चूक पडताळायची सोय जाते. असोसिएटेड प्रेसने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये वैद्यकीय नोंदींच्या अशाच एका साधनाबद्दल बातमी दिली होती. ते मूळ ध्वनिमुद्रण सुरक्षेच्या कारणास्तव पुसून टाकत असे, त्यामुळे लिखाण ताडून पाहायला काही उरत नसे. माझा कल असा: आवाज त्याच दिवशी, सेशनची आठवण ताजी असताना, थेरपिस्टने नोंद तपासेपर्यंत ठेवावा आणि मग पुसावा. क्लायंटलाही ते याच शब्दांत सांगता येतं.

‘पण कोण कशाला माझं बोलणं चोरेल?’ असं अनेकांना वाटतं. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या साखळीचं उदाहरण त्यासाठी माहीत असावं. तिच्या संगणकांतून रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० मध्ये चोराने आधी कंपनीकडे बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली, नोंदी इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली, आणि मग थेट रुग्णांनाच ईमेल पाठवले: २४ तासांत २०० युरो द्या, नाहीतर ५००, नाहीतर तुमच्या सेशनमधलं सगळं जाहीर. सुमारे ३३,००० रुग्णांच्या नोंदी त्यात होत्या. २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. २०२४ च्या एप्रिलमध्ये या गुन्ह्यासाठी अलेक्सान्तेरी किविमाकी याला ६ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. त्या नोंदी थेरपिस्टने टंकलेल्या होत्या. शब्दशः उतारे नव्हते. बँकेचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो. लहानपणी घरात काय घडलं, हे एकदा बाहेर पडलं की बदलायला काही उरत नाही.

चोरी टळली तरी वापराचा प्रश्न राहतोच. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प या कंपनीने ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि आरोग्यविषयक प्रश्नावलीतली माहिती फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना जाहिरातीसाठी पुरवल्याचा ठपका अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला. प्रकरण ७८ लाख डॉलरच्या भरपाईवर मिटलं. सेशनमधलं बोलणं त्यात नव्हतं. पण अमुक माणूस थेरपी घेतो, एवढी माहितीही विकाऊ ठरू शकते, हे त्यातून दिसलं.

संमती कशाला म्हणायचं, याचं सर्वांत नेमकं उत्तर मला अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या कायद्यात सापडतं. एआयने स्वतः थेरपी द्यायला हा कायदा मनाई करतो. परवानाधारक थेरपिस्टला मदतीच्या कामांसाठी एआय वापरू देतो. पण सेशन ध्वनिमुद्रित होणार असेल किंवा त्याचा उतारा काढला जाणार असेल, तर एआय वापरला जाणार आहे आणि तो नेमका कशासाठी, हे क्लायंटला लेखी कळवून संमती घ्यावी लागते. काय संमती धरायचं नाही, हेही तिथे लिहिलेलं आहे: वापराच्या लांबलचक सर्वसाधारण अटींना दिलेला होकार, स्क्रीनवरच्या मजकुरावरून फिरलेला कर्सर, बंद केलेली खिडकी, फसवून मिळवलेलं ‘हो’. प्रत्येक उल्लंघनाला १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोमधल्या एका मोठ्या रुग्णालय-समूहावर दावा दाखल झाला. ते मानसोपचाराचं प्रकरण नाही, साध्या वैद्यकीय भेटीचं आहे, आणि अजून ते आरोपच आहेत. पण त्यातला एक आरोप थरकाप उडवणारा आहे: डॉक्टरांशी झालेलं बोलणं न विचारता टिपलं गेलं, आणि यंत्राने तयार केलेल्या नोंदीत ‘रुग्णाला कल्पना दिली, त्याची संमती आहे’ असं वाक्य होतं.

भारतात काय आहे? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि कलम २४ सांगतं की इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही तो लागू आहे. कलम २५ नुसार व्यक्तीला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे. दुसरा आधार डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चा. त्यातली संमती मुक्त, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि ती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी लागते. माहितीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे पुण्यातल्या क्लायंटला मराठीत आणि मडगावच्या क्लायंटला कोंकणीत ती मागता येईल. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. थेरपिस्टने कंपनीची सेवा घेतली, तरी क्लायंटप्रति जबाबदारी थेरपिस्टची किंवा क्लिनिकची राहते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीसह मुख्य तरतुदी अमलात यायला अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. तोवर थांबायचं कारण मला दिसत नाही.

एक गोष्ट आपल्याकडे क्लायंटला क्वचितच सांगितली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जॅफी विरुद्ध रेडमंड खटल्यात, थेरपिस्टला सेशनमधलं बोलणं संघीय न्यायालयात उघड करायला भाग पाडता येणार नाही, असं ठरवलं. भारतीय पुराव्याच्या कायद्यात वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला असं कवच आहे. डॉक्टर किंवा समुपदेशकाला नाही. न्यायालयाने नोंदी मागितल्या तर त्या द्याव्या लागू शकतात. घटस्फोट किंवा मुलाच्या ताब्याचा दावा चालू असलेल्या बाईसाठी चार ओळींची नोंद आणि पन्नास मिनिटांचा उतारा यांत किती अंतर आहे, हे समजावून सांगायला कायद्याचं शिक्षण लागत नाही. पण सांगायला मात्र लागतं.

आता सगळ्यांत अवघड भागाकडे. क्लायंट आणि थेरपिस्ट बरोबरीचे नसतात. एक जण घायकुतीला येऊन मदत मागायला आलेला असतो. दुसऱ्याच्या हातात ती मदत असते. आपल्याकडे डॉक्टरला, मॅडमला, सरांना ‘नाही’ म्हणण्याची सवयही नसते. समजा, साताऱ्याहून ऑनलाइन जोडलेली एक शिक्षिका आहे. तिची थेरपिस्ट म्हणते, “ताई, एक विचारायचंय. नोंदी लिहायला मी एक ॲप वापरते. ते आपलं बोलणं ऐकतं आणि नोंदीचा कच्चा मसुदा करतं. मी तो आजच वाचून दुरुस्त करीन आणि आवाज पुसून टाकीन. नोंद माझ्याकडे राहील. आवाज काही वेळ त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो, तो भारताबाहेर आहे. चालेल का तुम्हाला?”

शिक्षिका म्हणते, “मॅडम, तुम्हाला सोयीचं पडत असेल तर करा की.”

हे ऐकायला होकारासारखं आहे, पण मी त्याला संमती म्हणणार नाही. तिने थेरपिस्टच्या सोयीचा विचार केला. स्वतःचा केलाच नाही. चांगली थेरपिस्ट इथे थांबेल. “माझ्या सोयीचं राहू द्या. तुम्हाला त्यात काही खटकतंय का? मी वहीतही लिहिते, कित्येकांचं वहीतच आहे. आपल्या कामात त्याने काही फरक पडत नाही. आज सांगायची घाई नाही.” मग कदाचित खरा प्रश्न बाहेर येईल: “घरी कुणाला कळणार नाही ना?” परदेशातल्या सर्व्हरची भीती फार थोड्यांना असते. बहुतेकांना भीती असते ती सासूबाईंची, नवऱ्याची, शाळेच्या मुख्याध्यापकांची. घरात एकच ईमेल आणि तोही मुलाच्या फोनवर उघडा असेल, तर ॲपकडून आपोआप जाणारा सेशनचा सारांश सगळी गोपनीयता मोडून टाकतो. ते पाठवणं बंद करता येतं का, हे थेरपिस्टला आधीच ठाऊक असायला हवं.

म्हणून हा प्रश्न पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये, फी आणि रद्द करण्याच्या नियमांच्या मध्ये एक चौकोन म्हणून असू नये. त्याला वेगळा कागद, वेगळी वेळ हवी. माणूस रडत आला असेल तर त्या दिवशी विचारूच नये. एआयला हो म्हणणाऱ्यांना फीमध्ये सवलत देणं मला पूर्ण अयोग्य वाटतं. पैशाची चणचण असलेल्याचा नकार त्याने महाग होतो. आणि दोघं-तिघं एकत्र बसत असतील, नवरा-बायको किंवा आई-मुलगा, तर प्रत्येकाला वेगळं विचारावं. नवऱ्याने दोघांच्या वतीने सांगितलेलं ‘हो हो, चालेल’ धरू नये. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी माहिती संरक्षणाच्या नव्या कायद्यात सर्वसाधारणपणे पालकांची पडताळता येणारी संमती लागते. तरीही सोळा वर्षांच्या मुलीने मान हलवून नको म्हटलं, तर आईच्या सहीने यंत्र चालू करणारा थेरपिस्ट त्या मुलीला गमावेल.

होकार दिल्यावरही माणूस मन बदलू शकतो. हाच कायदा सांगतो की संमती काढून घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. व्यवहारात याचा अर्थ असा की, ‘आज जे बोलायचंय ते नको टिपायला’ एवढं वाक्य पुरेसं असावं, कारण विचारलं जाऊ नये, आणि यंत्र बंद झालेलं क्लायंटला डोळ्यांनी दिसावं. मागचं काय पुसता येईल, हेही आधीच सांगितलेलं बरं. आवाज आणि उतारे पुसता येतात. थेरपिस्टने तपासून केस-पेपरमध्ये घेतलेली नोंद राहते. डॉक्टरांना तर त्यांच्या व्यावसायिक नियमांनुसार नोंदी काही वर्षं जपाव्याच लागतात. आणि कंपनीने सेशनमधलं बोलणं आपलं प्रारूप शिकवायला एकदा वापरलं, तर ते त्यातून वेचून परत काढण्याची खात्रीशीर रीत आज नाही. तसा वापर होणार नाही, हे थेरपिस्टने कंपनीकडून लेखी घ्यावं, आणि तेही पहिल्या क्लायंटसमोर प्रश्न ठेवण्याच्या आधी.